खुबा बदलल्यावर लोक मला जे जे विचारतात

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, माझा डावा खुबा बदलला. तेव्हापासून पतसंस्थेच्या काउंटरवर, मंडईत, लग्नाच्या मांडवात लोक थांबवतात. आधी "बऱ्या आहात ना?" आणि मग आवाज खाली करून खरा प्रश्न. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहूनच काढले. मी डॉक्टर नाही. माझ्या सर्जननी आणि फिजिओनी सांगितलेलं, नंतर विचारून-वाचून ताडून पाहिलेलं आणि स्वतः भोगलेलं असं हे आहे. तुमच्या पायाबद्दल शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचा.

एवढ्या लवकर? हे तर म्हाताऱ्यांचं ऑपरेशन ना?

गुडघे बदललेली एखादी मावशी प्रत्येकाच्या नात्यात असते. खुब्याचं ऑपरेशन म्हटलं की न्हाणीघरात घसरून हाड मोडलेली आजी आठवते. चाळिशी-पन्नाशीतला खुबा मात्र वेगळ्याच कारणांनी जातो. आपल्याकडे सर्रास ऐकू येतं ते एव्हीएन. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरेनासं होतं, आतलं हाड मरतं आणि गोळा चेपत जातो. लोक "बॉल सुकला" म्हणतात, ते फारसं चूक नाही. स्टिरॉइडचे मोठे किंवा लांबलेले डोस, दारू, खुब्याजवळचं जुनं फ्रॅक्चर, सिकलसेल हा रक्ताचा आजार ही त्याची ओळखीची कारणं. पुष्कळदा कारण सापडतही नाही. दुसरा गट संधिवाताचा. त्यातल्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये तर तिशीच्या आतच खुबे आखडलेली मुलं दिसतात.

माझं कारण तिसरं. जन्मतःच डाव्या खुब्याची खोबण उथळ होती. चेंडू वाटीत बसायच्या ऐवजी बशीत ठेवलेला. उशिरा चालायला लागले आणि बदकासारखी चालते म्हणून घरात हसायचे, त्यापलीकडे कुणी पाहिलं नाही. उथळ खोबणीत सगळा भार एका कडेवर येतो आणि कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत अस्तर, तिथूनच झिजत जाते. चाळिशी ओलांडेपर्यंत माझी संपली होती.

दुखणं कमरेचं की खुब्याचं, कसं कळायचं?

ह्यात माझी दोन वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

"खुबा दुखतो" म्हणताना आपण हात ठेवतो तो बाजूला किंवा पाठीमागे नितंबावर. खरा सांधा आत, जांघेत असतो. त्यामुळे खुब्याचं दुखणं बहुतेक वेळा जांघेत जाणवतं, मांडीच्या पुढच्या बाजूने खाली उतरतं, आणि कधी कधी थेट गुडघ्यातच जाऊन बसतं. गुडघ्यावर मलमं चोळणाऱ्या कितीतरी जणांचा गुडघा ठणठणीत असतो. कमरेची नस दबली असेल तर कळ सहसा मागून, पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जाते, मुंग्या येतात.

मला पायात मोजे घालता येईनात. पायाची नखं कापायला मुलगी लागायची. स्कूटीवर बसताना पाय पलीकडे टाकायचा तर हाताने उचलून टाकावा लागे. ही सगळी खुब्याची लक्षणं, पण मी ज्यांच्याकडे जात होते त्यांनी कमरेचा एमआरआय काढला, त्यात एक मणका थोडा सरकलेला दिसला (ह्या वयात कुणाचा नसतो?), आणि मग पट्टा, ट्रॅक्शन, इंजेक्शनं सुरू झाली. दोन वर्षांत एकदाही कुणी माझा पाय हलवून पाहिला नाही. शेवटी एका तरुण फिजिओने मला पाठीवर झोपवलं, गुडघा दुमडला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. मी किंचाळले. ती म्हणाली, "ताई, कमरेचं नंतर बघू. आधी दोन्ही खुब्यांचा साधा एक्स-रे काढून आणा." त्या एक्स-रेत सगळं दिसलं. सांध्यातली फट नाहीशी झाली होती.

एक लक्षात ठेवा. एव्हीएनच्या सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, तेव्हा खुब्याचाच एमआरआय लागतो. आणि एका बाजूला एव्हीएन निघाला की दुसरी बाजूही तपासून घ्या, तो पुष्कळदा दोन्हीकडे असतो.

ऑपरेशन टाळता येत नाही का?

काही काळ लांबवता येतं. एव्हीएन लवकर सापडला आणि गोळा अजून गोल असला तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन करतात, काहींचा सांधा त्याने वाचतो. वजन कमी करणं, व्यायाम आणि काठी यांनीही पुष्कळ निभावतं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. लोक नेमकी उलटी धरतात, सिनेमातही उलटीच दाखवतात. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्ही त्याची किंमत मोजतात.

कधी करायचं ते एक्स-रेवरून ठरत नाही. रात्री कूस बदलताना जाग येते का, घरापासून किती चालता येतं, काम होतं का, यावरून ठरतं. मी आधी मुलीची दहावी म्हणून थांबले, मग अकरावीची अॅडमिशन, मग दिराचं लग्न. तेवढ्यात मांडीचे आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू वाळून गेले. ते परत आणायला जेवढे दिवस लागले तेवढ्यात दिराच्या बाळाचं बारसंही उरकलं.

सोलापुरात करावं की पुण्याला जावं?

साधा पहिल्यांदाचा खुबा असेल तर सोलापुरात होतो, रोज होतो. मी इथेच केला. पुण्याला जायचं तर अडीचशे किलोमीटर परत यायचंय, टाके काढायला पुन्हा जायचंय, आणि जखमेतून जरासं पाणी आलं तरी हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढायचंय, हा हिशेब आधी करा. पण सांधा जन्मतःच वरती सरकलेला असेल, आधी एकदा ऑपरेशन होऊन फसलं असेल किंवा जुना जंतुसंसर्ग असेल, तर गावाचा अभिमान बाजूला ठेवा आणि ज्यांच्या हातून असल्या केसेस नेहमी जातात त्यांच्याकडे जा. सर्जनना सरळ विचारा, वर्षाला किती खुबे करता, माझ्यासारखे किती केलेत. चांगला सर्जन ह्या प्रश्नावर रागावत नाही.

खर्च किती? योजनेत बसतं का?

आकडा सांगत नाही, कारण तो सांध्याच्या प्रकारावर आणि खोलीवर ठरतो आणि दर वर्षी बदलतो. एक गोष्ट पक्की. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने किमतीला मर्यादा घातली ती गुडघ्याच्या सांध्यांच्या. खुब्याचे सांधे त्या आदेशात नव्हते. म्हणून लेखी कोटेशन मागा, त्यात सांध्याची कंपनी, प्रकार आणि किंमत वेगळी लिहून घ्या.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना गाठा. कोणत्या रुग्णालयात खुब्याचं पॅकेज चालू आहे ते बदलत असतं, शेजारणीच्या माहितीवर जाऊ नका. सिव्हिलमध्येही चौकशी करा. तिथे नंबर लागायला वेळ जातो, पण शिकवणारे प्राध्यापक तिथेच असतात. कारखान्यात ईएसआय (कामगार विमा) कापलं जात असेल तर तो हक्क वापरा. मेडिक्लेम असेल तर सांधेबदलासाठी वेगळा प्रतीक्षा कालावधी लिहिलेला असतो. तो बारीक अक्षरात असतो, चष्मा लावून वाचा.

आत नेमकं काय घालतात? किती वर्षं टिकतं?

मांडीच्या हाडाचा खराब गोळा कापून काढतात. कमरेच्या हाडातली खोबण खरवडून अर्धगोल करतात आणि तिच्यात धातूची वाटी ठोकून बसवतात. वाटीच्या आत अस्तर, बहुतेक वेळा खास प्रकारच्या प्लास्टिकचं. मांडीच्या हाडाच्या पोकळीत टायटॅनियमची दांडी आणि तिच्यावर नवा गोळा, सिरॅमिकचा किंवा धातूचा. हाड घट्ट असेल तर सिमेंट लावत नाहीत. दांडीचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यात आपलंच हाड वाढून धरतं. वय जास्त, हाड ठिसूळ, तर सिमेंट.

हे सगळं सुरू झालं जॉन चार्नली नावाच्या इंग्रज सर्जनपासून. त्याने आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरून पाहिलं, म्हणजे आपल्या डोशाच्या तव्यावर असतं ते. थोड्याच वर्षांत ते झिजून गेलं आणि झिजलेल्या कणांनी आजूबाजूला सूज धरली. मग १९६२ मध्ये त्याने पॉलिएथिलीन घेतलं आणि ते चाललं. आजचं अस्तर त्याच प्लास्टिकची सुधारलेली आवृत्ती आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी हे वाचलं आणि तव्याकडे पाहून हसू आलं.

टिकण्याचं म्हणाल तर २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका अभ्यासात, मोठ्या नोंदवह्यांवरून, २५ वर्षांनंतर सुमारे ५८ टक्के खुबे जागेवर होते. हे जुन्या पिढीचे सांधे, आजचे अधिक टिकावेत अशी अपेक्षा आहे. पण आपल्या वयाच्यांनी दुसरा आकडाही ऐकून घ्यावा. त्याच नियतकालिकातल्या २०१७ च्या अभ्यासात सत्तरीनंतर खुबा बदललेल्यांना आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता पाचेक टक्के निघाली, आणि पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. आपण जास्त जगतो आणि जास्त वापरतो. म्हणजे मला कदाचित सत्तरीत पुन्हा टेबलावर जावं लागेल. हे मला आधीच सांगितलं गेलं होतं, त्याबद्दल मी सर्जनची आभारी आहे.

डिस्चार्जच्या वेळी सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, माप, लॉट नंबर असतो. मी ते रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ठेवलेत. वीस वर्षांनी उघडायची वेळ आली तर त्या सर्जनला पहिल्यांदा तेच लागणार.

आधी काय तयारी केली?

साखर ताब्यात, दातांची कीड आणि लघवीचा संसर्ग आधी बरा करून घेतला, पायावरचं साधं नखुरडंही. शरीरात कुठेही जंतू असले की नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आवर्जून सांगा, आणि आपल्या मनाने बंद करू नका. मिश्री, मावा, विडी, तंबाखू काहीही असो, निदान महिनाभर आधी थांबवा, जखम भरायला अडथळा येतो. मिश्रीचं बायका सांगत नाहीत. भूलतज्ज्ञांनी विचारलं की लाजू नका.

ऑपरेशन चालू असताना कळतं का?

मला पाठीतून भूल दिली होती आणि गुंगीचं औषध. दुखलं काहीच नाही. मध्ये एकदा डोळा उघडला तेव्हा ठोकण्याचा आवाज येत होता. माझं माहेर अशोक चौकाच्या मागे, पॉवरलूमच्या खटखटीत झोपायची सवय, त्यामुळे पुन्हा झोप लागली. दीड तासात आटोपलं. ऐकायचं नसेल तर आधी सांगा, जास्त गुंगी देतात.

पहिले दिवस कसे जातात?

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर देऊन उभं केलं. चक्कर आली, बसले, दुपारी पुन्हा. पण उभं राहिल्या राहिल्या एक गोष्ट जाणवली, ती जांघेतली जुनी, हाडात घुसणारी कळ नव्हती. जखम दुखत होती, पण ते दुखणं वेगळं, वरवरचं.

चौथ्या दिवशी घरी. त्याआधी जिना शिकवतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. आमच्या फिजिओचं वाक्य होतं, "चांगले लोक वर जातात." दोन आठवड्यांनी टाके काढले. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून काही आठवडे औषध चालतं आणि पोटऱ्यांना घट्ट मोजे. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ते मोजे घालायची कल्पना करा, म्हणजे तारीख निवडायला मदत होईल. मांडीपासून घोट्यापर्यंत काळंनिळं पडतं, संध्याकाळी पाय सुजतो, घाबरू नका. बद्धकोष्ठ होतंच, इसबगोल पहिल्या दिवसापासून. आणि तिसऱ्या आठवड्यात विनाकारण रडू येतं. माझ्याबाबतीत ते नळाला पाणी आलं त्या पहाटे आलं. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, सगळं घर घागरी-बादल्या घेऊन धावत होतं आणि मी वॉकर धरून दारात उभी. पुढच्या पाळीला मला मोटरच्या बटनावर नेमलं. त्याने बरं वाटलं.

घरात काय बदललं?

पलंगाच्या पायाखाली विटा, कारण पलंग बुटका होता. संडासात कमोडच्या भांड्यावर उंच कमोड-खुर्ची. न्हाणीघरात स्टूल, भिंतीला धरायला दांडा, निसरडी पायपुसणी सगळी बाहेर. घरात देशी संडासच असेल तर हे ऑपरेशनच्या आधी सोडवा, नंतर नाही.

झोपताना दोन्ही मांड्यांमध्ये उशी ठेवायची असते, म्हणजे झोपेत पाय पायावर येत नाही. दवाखान्यातली त्रिकोणी उशी घरी आणली नव्हती. सासूबाईंनी जुनी सोलापुरी चादर काढली, चौघडी करून गुंडाळली, दोन्ही टोकं नाडीने बांधली. नवी चादर टोचते, वीस वर्षं धुतलेली हवी. त्या वळकटीवर सहा आठवडे काढले. पाठीवर झोपणं हीच ह्या सगळ्यातली माझ्या मते सगळ्यात कंटाळवाणी शिक्षा आहे, ऑपरेशन नव्हे.

खाली बसता येतं का?

सगळे विचारतात, आणि बरोबरच आहे. आपलं घर जमिनीवर चालतं. देवपूजा, पंगत, भाजी निवडणं, रांगोळी, हळदीकुंकू, गावाकडचा संडास, हुरड्याची आगटी. आमच्या भागात बायका दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. "बसता येईल का?" ह्या प्रश्नात त्यांचा रोजगार असतो.

आधी खुबा निखळतो कसा ते समजून घ्या. माझी चीर मागच्या बाजूने होती, बहुतेकांची तशी असते. अशा वेळी तीन हालचाली एकत्र आल्या की गोळा मागे घसरू शकतो: गुडघा छातीजवळ येणं, मांडी मधल्या रेषेच्या पलीकडे जाणं, आणि पाय आतल्या बाजूला वळणं. आता आपल्या बसण्याच्या तऱ्हा एकेक करून ह्यावर लावून बघा.

पायावर पाय टाकून खुर्चीत बसणं साधं दिसतं, पण मांडी मधली रेषा ओलांडते. सुरुवातीचे तीन महिने बंद. दोन्ही पाय एका बाजूला मुडपून बसणं, आपण बायका साडीत बसतो तसं, हे तर वाईटच, त्यात एक खुबा आत वळलेला असतो. दुचाकीवर मागे एका बाजूला बसण्यातही तीच गोम. उकिडवं बसण्यात गुडघा पार छातीला लागतो, दांडीची मान वाटीच्या काठावर टेकते आणि गोळा उचकटला जाऊ शकतो. मांडी घालण्यात मात्र पाय बाहेर वळलेला आणि मांड्या फाकलेल्या असतात, म्हणून मागे निखळण्याच्या दृष्टीने ती उकिडव्यापेक्षा बरी. मांडीतला खरा धोका बसण्या-उठण्याच्या वेळचा आहे, तेव्हा माणूस वाकतो, तोल सावरतो आणि वेडावाकडा वळतो.

मला तीन महिने जमीन पूर्ण बंद होती. नंतर सांगितलं, मांडी आपणहून पडली तर पडू दे, गुडघे दाबून पाडायची नाही; उकिडवं कायमचं विसरायचं. तुमच्या मेहुण्याला वेगळं सांगितलं असेल. कोणत्या बाजूने उघडलं, गोळा किती मिलिमीटरचा, वाटी कोणत्या कोनात बसली, यावर ते ठरतं, त्यामुळे दोघांचंही बरोबर असू शकतं. खाली उतरायची रीत अशी: जवळ खुर्ची, तिच्यावर हात, चांगलं पाऊल पुढे, ऑपरेशनच्या बाजूचा गुडघा जमिनीवर टेकवायचा, मग हळू बूड. उठताना हेच उलट. पहिल्यांदा फिजिओसमोरच.

आता मी मांडी घालून दहा-पंधरा मिनिटं बसते, पण रोज बसत नाही. देव कट्ट्यावर गेले, रांगोळी सासूबाई घालतात. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, उकिडव्या बसून अख्खी भांडी घासतात आणि अधूनमधून माझ्याकडे बघतात. बोलत काही नाहीत. हळदीकुंकवाला सगळ्याजणी सतरंजीवर आणि मी खुर्चीत, प्रमुख पाहुणी असल्यासारखी. पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षी आणखी तिघींनी खुर्च्या मागून घेतल्या.

मालिश केली तर लवकर बरं होईल का?

नको. जखम कोवळी असते, आणि पायात रक्ताची गाठ झाली असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तेल, मालिशवाल्या मावशी, हाडवैद्य, तिन्ही नको.

लंगडणं जातं का?

माझं पाच महिन्यांनी गेलं. खुब्याच्या बाजूचा स्नायू कमजोर असला की एका पायावर भार आल्यावर कंबर दुसऱ्या बाजूला कलते. औषध एकच, व्यायाम. कुशीवर किंवा उभं राहून पाय बाजूला नेणं, नितंब आवळणं, टाच सरकवणं. मी ओसरीतल्या शहाबादी फरशीच्या सांध्यावरून सरळ रेषेत चालायची, समोर कपाटाचा आरसा ठेवून. सुरुवातीला तो पाय लांब झाल्यासारखा वाटतो, अनेकदा ते स्नायू आखडल्यामुळे असतं आणि काही आठवड्यांत निवळतं. थोडा फरक खरोखर राहू शकतो, तेव्हा चपलेत पातळ टाच घालतात. घाईने पहिल्या महिन्यातच टाच शिवून घेऊ नका.

कामावर कधी जाता येतं?

बसून काम असेल तर सहा ते आठ आठवडे, मी सातव्या आठवड्यात गेले, अर्धा दिवस. लूमवर उभं राहणाऱ्यांना तीन महिने धरा, आणि सुताचा बीम उचलणं कायमचं दुसऱ्याला द्या. विडी वळणाऱ्या एका ताईंनी खुर्चीत बसून, पुढे बुटक्या टेबलावर सूप ठेवून काम सुरू केलं. पहिले पंधरा दिवस हात चालेना, नेहमीच्या निम्म्याच विड्या व्हायच्या. आता जमतं.

गाडी, रिक्षा, रेल्वे?

कार साधारण सहा आठवड्यांनी, ब्रेक जोरात दाबता येतो का ते आधी उभ्या गाडीत बघून. दुचाकी मला तीन महिन्यांनी सांगितली. कारमध्ये बसताना सीट मागे घ्या, खाली घडी घातलेली चादर टाका, आधी बूड टेकवा, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरली की सहज वळता येतं. मुंबईच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसला खालचा बर्थ घ्या आणि दर तासाला उठून चाला.

आणि नवरा-बायकोचं?

हे जिन्यात गाठून विचारतात, म्हणून इथे लिहितेच. साधारण सहा आठवड्यांनंतर, जखम भरलेली आणि वेदना नसतील तर चालतं. ऑपरेशन झालेल्याने पाठीवर राहावं, वर सांगितलेल्या तीन हालचाली टाळाव्यात. सर्जनना विचारा, त्यांना ह्यात नवीन काही नसतं.

कशाला खरोखर घाबरायचं?

पोटरी एकाच बाजूची घट्ट, गरम, दुखरी झाली. धाप लागली, छातीत दुखलं. जखमेतून पाणी किंवा पू, थंडी वाजून ताप. एकदम "कट्" होऊन असह्य कळ आली, पाय आखूड आणि वळलेला दिसतोय, भार टाकवत नाही. ह्यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. वर्षांनंतरही जांघेत नव्याने दुखू लागलं तर एक्स-रे काढा. दातांचं काम असेल तेव्हा डेंटिस्टला सांधा बदललाय हे सांगा.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, जाता आलं का?

चार महिने झाले होते, २०२३ चा जानेवारी. सर्जन म्हणाले चालायला हरकत नाही, गर्दीचा धक्का नको. म्हणून नंदीध्वजांची मिरवणूक एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवरून पाहिली. दर्शनाला यात्रा उलगडल्यावर, एका मंगळवारी दुपारी गेले. वाकून नमस्कार करता येत नव्हता, तर उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. मागच्या आजी म्हणाल्या, "पोरी, गुडघे का?" मी म्हटलं, "नाही आजी, खुबा." त्या म्हणाल्या, "मग माझी सून तुला भेटायला येईल." आली.

विमानतळावर वाजतं का? एमआरआय चालतो का?

वाजतं, सांगायचं, हाताने तपासून सोडतात. एमआरआय चालतो, आधी सांगायचं.

वॉकर आणि कमोड-खुर्चीचं पुढे काय केलंत?

माळ्यावर टाकणार होतो. त्याआधीच ती आजींची सून आली, खुर्ची घेऊन गेली. तिच्याकडून मंगळवेढ्याला एका लग्नघरी, तिथून परत येऊन साखर पेठेत. आता एका पॉवरलूमवाल्या काकांकडे आहे. एका पायाचं रबरी बूच झिजलंय, ते बदलून घ्या असं मी प्रत्येकाला सांगते आणि कुणी बदलत नाही. वॉकर कुठे आहे ते मला सध्या माहीत नाही. चादरीची वळकटी मात्र दिली नाही, ती माझ्याच पलंगावर आहे.